चारशे बिनरंगी प्यादी

कारखाना,
दिवस एकशे एक्केचाळिसावा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (तारखेच्या जागी दिवसाचा आकडा पाहून गोंधळू नकोस. हल्ली आमच्याकडे तारखा चालत नाहीत. माल जहाजावर चढला त्या दिवसापासून दिवस मोजले जातात. का, ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून गेल्या पत्रातल्यासारखाच आहे? इकडे सगळे ठीक. तुझ्या भावजयीची पाठ अधूनमधून धरते, पण टाइपरायटरसमोर बसली की सुटते. आबांचे गुडघे घरातल्या दोन पायऱ्यांना कुरकुर करतात आणि बँकेच्या बावीस पायऱ्या मुकाट्याने चढतात. या पत्राला काही खास कारण नाही. बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं, म्हणून बसलो.

तुझ्या घराखालच्या खेळण्यांच्या दुकानातला म्हातारा तुला आठवत असेलच. आठवत असेल म्हणजे काय, रोज त्याच्या दारावरून जातेस. आपला जुना बुद्धिबळाचा संच तूच त्याला नेऊन दाखवलास आणि त्याने आपल्याला चारशे संच मागवले, त्याबद्दल तुझे आभार मी तेव्हाच मानले होते. पण तेव्हा मला कल्पना नव्हती की मी कशाबद्दल आभार मानतोय. आपल्या कारखान्याची (कारखाना म्हणायचं आपलं, तीन लेथ, त्यांवर लाकूड कातणारे पाच कातारी आणि एक आबा) गेल्या दोन वर्षांत काय अवस्था झाली होती ते तुला मी कधी सविस्तर कळवलं नाही. प्लॅस्टिकचे मोहरे आल्यापासून आपले कातारी दुपारी तीनलाच हात धुऊन, भुशाच्या पोत्यांवर बसून एकमेकांना कोडी घालायचे. सगळ्यात म्हातारा कातारी तर म्हणायला लागला होता की आता मला दाराला अडसर करून ठेवा, तेवढाच उपयोग. अशात चारशेंची मागणी आली, आणि सोबत शब्द आला की हे वेळेवर आणि नीट पोचले तर पुढच्या खेपेला एक हजार. हजार म्हणजे पाच माणसांचं अख्खं वर्ष. हे लक्षात ठेव, कारण पुढे जे काही घडलं ते सगळं या हजाराच्या आशेने मी सहन केलं. सहन केलं म्हणण्यापेक्षा, तोंडात बोट घालून पाहत राहिलो.

मला वाटायचं, माल परदेशी पाठवायचा म्हणजे मोठं खोकं, जाड दोरी आणि ठळक अक्षरांत पत्ता. ते सांगायला मी बँकेत गेलो, तर त्यांनी मला सहा नंबरच्या खिडकीकडे पाठवलं. खिडकीमागे एक बाई बसतात. वय साधारण तुझ्याएवढं, डोळ्यांवर चष्मा, आणि शाई लागू नये म्हणून दोन्ही बाह्यांवर चढवलेल्या काळ्या कापडी नळ्या. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. घरी आम्ही त्यांना सहा नंबरच्या बाई म्हणतो आणि आबा तर नुसतं बाई म्हणतात, जशी जगात दुसरी कुणी बाई नाहीच. त्यांनी विचारलं, काय जाणार, किती जाणार, कुणाकडे जाणार. मी सगळं सांगितलं. मग विचारलं, परत कधी येणार? मी म्हटलं, परत नाही येणार, विकलाय. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला समजावून सांगितलं, की माल गेला तरी त्याचा मोबदला घरी यायला हवा. परक्या चलनात, याच खिडकीतून, सहा महिन्यांच्या आत. आणि तो येईपर्यंत तुमचा माल बाहेर आहे असं आम्ही धरतो.

ताई, हे शेवटचं वाक्य त्या इतकं सहज बोलल्या. आपली आई नाही का, सगळ्यांची पानं मांडून झाली तरी झाकण काढायची नाही आणि म्हणायची, थांबा, अजून एक जण यायचाय? तस्संच. मी वीस वर्षं मोहरे विकतोय. आजवर माझ्या मालाची वाट फक्त गिऱ्हाइकाने पाहिली होती, तीही शिव्या घालत. आणि इथे एक अख्खा देश माझ्या चारशे पेट्यांची वाट पाहायला बसणार होता, खिडकी नंबर सहामधून.

मग फॉर्म आला. एकच फॉर्म, चार प्रतींत, प्रत्येकीच्या कोपऱ्यात एकच आकडा छापलेला. पहिली प्रत गोदीत मालाबरोबर जाते आणि तिथेच राहते. दुसरी गोदीतून वरच्या मोठ्या कचेरीत जाते. तिसरी सहा नंबरच्या बाईंकडे, आणि चौथी आपल्या कपाटात. पुढे पैसे आले की बाई आपल्या प्रतीवर शिक्का मारून तीही वरच्या कचेरीत पाठवतात, आणि तिथे कुणीतरी, ज्याने आपल्याला कधी पाहिलं नाही आणि ज्याला आपण कधी पाहणार नाही, तो हे कागद शेजारी शेजारी ठेवून ताडून बघतो. जेवढं गेलं तेवढं आलं का. आलं असेल तर फाइल बंद. नसेल तर ती उघडीच. मी घरी आल्यावर त्या रात्री जेवताना हेच सांगत होतो. तुझी भावजय म्हणाली, इतक्या बारकाईने तर तुमची चौकशी माझ्या वडिलांनीसुद्धा केली नव्हती. (केली असती तर बरं झालं असतं, असं ती पुढे पुटपुटली. मी ऐकलं नाही असं धरून चाल.)

दुसऱ्या खेपेला आबा सोबत आले. म्हणाले, पाय मोकळे होतील. बाकावर बसून सगळं ऐकत होते. बाईंनी मला सहा महिन्यांचा नियम पुन्हा एकदा वाचून दाखवला, तेव्हा ते उठून खिडकीशी आले आणि त्यांनी विचारलं, "वस्तूला सहा महिने, हे कळलं. माणूस बाहेर गेला तर त्याला किती?" मला हसू आलं. बाईंना आलं नाही. त्यांनी जाड पुस्तक पुढे ओढलं, बोट ओलं करून तीन-चार पानं उलटली आणि म्हणाल्या, "आजोबा, आमच्या नियमांत माणूस येत नाही." आबा म्हणाले, "यायला पाहिजे." बाई म्हणाल्या, "सूचना लेखी द्या." आणि आबांनी खरंच दिली. कागद बाईंनीच दिला, पोच म्हणून शिक्काही मारून दिला. ती पोच आबांच्या उशीखाली आहे.

त्याच दिवशी बाईंनी आम्हाला मागची खोली दाखवली. (कुणालाही दाखवत नाहीत म्हणे. आबांच्या सूचनेला फाइल हवी होती, ती शोधायला आम्ही मागोमाग गेलो इतकंच.) ती मुदत टळलेल्यांची खोली. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर फितीने बांधलेल्या फायली, प्रत्येकीत बाहेर गेलेलं आणि परत न आलेलं काहीतरी. बाई बोट फिरवत सांगत होत्या. सतरा पिंपं मध, अकरा वर्षं. दोन हजार छत्र्यांच्या मुठी, नऊ वर्षं. एक पियानो, एकुलता एक, तो गेला तो गेलाच. मी देवळात बोलावं तसा हळू आवाजात बोलायला लागलो होतो. आबांनी विचारलं, "मग यांचं तुम्ही काय करता?" बाई म्हणाल्या, दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला स्मरणपत्र पाठवतो. "उत्तरं येतात?" "कधी कधी." "नाही आलं तर?" "पुढच्या तीन महिन्यांनी पुन्हा." आबा बराच वेळ त्या पियानोच्या फाइलकडे पाहत उभे होते. घरी दाराशी आल्यावर म्हणाले, फार चांगली माणसं आहेत.

त्यानंतरचा गोंधळ तुझ्या भावजयीचा, पण तिने मला लिहू नको म्हटलंय, म्हणून थोडक्यात लिहितो. मालाची यादी तिने टाइप केली होती. राजे आठशे, वजीर आठशे, हत्ती सोळाशे, उंट सोळाशे, घोडे सोळाशे, प्यादी सहा हजार चारशे. यादी अचूक होती. गोदीतल्या पहिल्या टेबलावरच्या कारकुनाने ती शांतपणे वाचली आणि विचारलं, जनावरांच्या आरोग्याचे दाखले कुठे आहेत? मी खिशातून एक हत्ती काढून त्याच्यासमोर ठेवला. तो म्हणाला, "हे लाकूड आहे ते मला दिसतंय. पण पुढे मी जाणार नाही, हा कागद जाणार. कागदाला दिसत नाही." तो बरोबर होता. पलीकडच्या बंदरात एखादा माणूस अंगात कोट चढवून, सोळाशे उंटांसाठी चारा आणि जागा करून धक्क्यावर उभा राहिला असता, तर जबाबदार कोण? हिने यादी परत टाइप केली, प्रत्येक ओळीच्या आधी लाकडी लिहून. चारही प्रती. राजांच्या आधी लाकडी लिहिताना तिला फार समाधान वाटलं म्हणाली.

आता खरा प्रसंग ऐक. जहाज सुटायला दोन दिवस राहिलेले. वीस खोकी गोदीच्या शेडमध्ये ओळीने लावलेली, प्रत्येकात वीस पेट्या. मी आणि आबा तिथे उभे. मालतपासनीस आला. उंच, सडपातळ, हातात पातळ मोजे, बोलणं कमी. त्याने विसांतलं एक खोकं निवडलं, त्यातली एक पेटी काढली, मोहरे टेबलावर मांडले आणि मोजले. तेहेतीस. त्याने पुन्हा मोजले. मग दुसऱ्या खोक्यातली पेटी. तेहेतीस. मग तिसरी. तेव्हा कुठे मला आठवलं की आपल्या पेटीत नेहमी तेहेतीसच असतात, आणि फॉर्ममध्ये मी जगातल्या सगळ्या लोकांसारखं बत्तीसने गुणून लिहिलंय. तुला सांगायला नको. आपल्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पेटीत एक जादा प्यादं, बिनरंगाचं, कापसात गुंडाळून. ते आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की मोजतच नाही कुणी.

तपासनीस म्हणाला, "एका पेटीत एक जास्त निघालं तर ती चूक. प्रत्येक पेटीत एक जास्त, म्हणजे बेत." मी त्याला समजावलं, की प्यादी हरवतात, सोफ्याखाली जातात, म्हणून आम्ही एक वर देतो. त्याने ते बिनरंगी प्यादं उजेडात धरलं. "हे पांढऱ्या बाजूचं की काळ्या?" मी म्हटलं, ज्याचं हरवेल त्याचं, आधी कसं सांगणार, म्हणून तर रंग देत नाही. यावर तो खोक्यावर बसला. (मला वाटतं, त्याच्या नोकरीत तो पहिल्यांदाच बसला असेल.) म्हणाला, "म्हणजे जे अजून हरवलेलं नाही त्याची भरपाई तुम्ही आधीच पाठवताय." मी हो म्हटलं. "आणि या चारशे प्याद्यांचं परकी चलन?"

तो काही खडूस माणूस नव्हता. त्याने नीट सांगितलं. लोक असंच करतात म्हणे, कागदावर न दाखवता थोडं थोडं बाहेर पाठवतात आणि त्याचं चलन तिकडेच ठेवतात. कुणी पाठवलेल्या पोकळ खुर्चीच्या पायांची हकिकतही सांगितली. आपलं प्यादं पोकळ नाही ना, हे पाहायला त्याने करवत मागवली. आबांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच प्यादं मधोमध चिरून दोन फाका त्याच्या तळहातावर ठेवल्या. आतली रेघ रेघ दिसत होती, एकीत एक, कांद्यासारखी. तपासनिसाने मोजा काढला आणि बोट फिरवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, आता या पेटीत बत्तीसच राहिले. आबांनी खिशातून एक बिनरंगी प्यादं काढून पेटीत ठेवलं. त्यांच्या खिशात असतंच, तुला माहीत आहे.

मार्ग दोनच होते. चारशे पेट्या फोडून प्यादी काढायची, किंवा त्यांची किंमत लिहून यादी दुरुस्त करायची. मी पेट्या फोडायला तयार होतो. आबा म्हणाले, "पेटीतलं प्यादं निघणार नाही." तपासनिसाने कारण विचारलं. आणि ताई, आबांनी त्याला सांगितलं, ते मीसुद्धा त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. की माझी मुलगी सात वर्षांची असताना हरायला लागली आणि रागारागाने एक प्यादं खिडकीतून खाली फेकून दिलं. खाली गटार होतं. मग तीच रात्रभर रडली, की आता डाव कधीच पुरा होणार नाही. सकाळी मी तिला एक नवीन करून दिलं, रंग वाळायला वेळ नव्हता म्हणून बिनरंगाचंच. तेव्हापासून प्रत्येक पेटीत एक जास्त टाकतो. कुणाच्या घरी काय होईल सांगता येत नाही. (मला लहानपणापासून वाटायचं ते प्यादं मी गिळलं. तू मला तसंच सांगितलं होतंस. चाळीस वर्षं मी ते ओझं पोटात वागवतोय, यावर आपण सवडीने बोलू.)

तपासनिसाने टोपी काढली, परत घातली, आणि किमतीच्या रकान्यावर पेन टेकवून विचारलं, किती लिहू? मी म्हटलं, शून्य लिहा, फुकट देतो आम्ही. तो म्हणाला, "शून्य परत यायला मुदत कशी घालणार?" हेही बरोबर होतं. त्या गोदीत सगळेच बरोबर होते, मी सोडून. शेवटी एक बारीकशी किंमत ठरली. चारशेंची मिळून तुझ्याकडे एखादी बऱ्यापैकी छत्री येईल एवढी. प्रत्येक प्रतीवर खाडाखोड, प्रत्येक खाडाखोडीवर सही, सोळा सह्या. जहाज वेळेवर सुटलं. धक्क्यावरून ते दिसेनासं होईपर्यंत आम्ही उभे होतो आणि मला पहिल्यांदाच वाटलं, की आपल्या पेट्या एकट्या जात नाहीयेत. त्यांच्यामागे कागद आहेत, कागदांमागे माणसं आहेत, आणि कुठेतरी एका फळीवर आपल्यासाठी फीत सोडून ठेवलेली आहे.

तर असं सगळं छान पार पडलं. पेट्या पोचल्या, म्हाताऱ्याला आवडल्या, चारशे संचांचे पैसे बासष्टाव्या दिवशी सहा नंबरच्या खिडकीत आले. बाईंनी मला उभं राहून सांगितलं. हजारांची मागणीही आली. काळजी करण्यासारखं काही नाही. आबा मजेत आहेत, हल्ली पोस्टात स्वतः जातात. भाऊजींना नमस्कार, खोकल्याला जप म्हणावं.

तुझा,
धाकटा

ता. क. – एक बारीकशी गोष्ट राहिली. संचांचे पैसे आले, त्या चारशे प्याद्यांचे आले नाहीत. म्हणजे छत्रीएवढी रक्कम. पण फाइलला रक्कम कळत नाही, आलं किंवा नाही आलं एवढंच कळतं, आणि ती उघडी असेपर्यंत बाई मला हजार संचांसाठी नवीन फॉर्म देऊ शकत नाहीत. एकशे ऐंशी दिवस उलटले तर आपण मागच्या खोलीत, पियानोशेजारी, आणि कातारी पुन्हा पोत्यांवर. मी तुझ्या म्हाताऱ्याला तीन पत्रं पाठवली. त्याचं एकच उत्तर आलं, की चारशे मोहरे रंगवायचे राहिलेत असं समजून त्याने ते पेट्यांतून काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत. पैशांबद्दल अवाक्षर नाही. मी बाईंना विचारलं, एवढी रक्कम सोडून देता येत नाही का. येते म्हणाल्या, त्याचाही फॉर्म आहे, पण त्यासाठी गिऱ्हाईक बुडालेलं किंवा वारलेलं असावं लागतं. म्हातारा ठणठणीत आहे ना? असू दे, आनंदच आहे. तू परस्पर पैसे भरायचे म्हणशील, तर ज्याने माल घेतला त्यानेच भरायचे असतात. पार्सलने प्यादी परत मागवली तर ती आयात होते, आणि लाकडी मोहरे आयात करायला बंदी आहे, कारण ते इथे चांगले बनतात. (हे वाचून मला अभिमानच वाटला.)

उरला एकच रस्ता, तो आबांनी बाईंच्या पुस्तकातून शोधून काढला. न विकलेला माल निर्यातदाराच्या घरचं माणूस स्वतःच्या सामानातून, मुदतीच्या आत परत घेऊन आलं, तर माल घरी आला असं धरतात आणि फाइल बंद होते. तिकडे आपल्या घरचं माणूस एकच आहे. डबा साधारण चार किलोचा भरेल. पत्र पोचायला दहा दिवस धरले तरी तुझ्या हातात एकोणतीस दिवस राहतात. सहा वर्षं तू पुढच्या वर्षी येते म्हणतेस, ते मी कधी काढलं नसतं. पण हा पाच माणसांच्या वर्षाचा प्रश्न आहे.

ता. क. दुसरा – आबांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय, की त्यांचा काही आग्रह नाही. नियमच तसा आहे, त्याला ते काय करणार.

ता. क. तिसरा – हे पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात टपाल आलं. तुझ्या म्हाताऱ्याचं पत्र आहे. लिहितो, प्याद्यांचे पैसे तो पहिल्याच आठवड्यात भरायला बँकेत निघाला होता. पण आपल्याच कारखान्याच्या कागदावर, टाइप केलेलं, वडिलांच्या सहीचं पत्र त्याला आलं, की कृपा करून ती रक्कम पाठवू नये, आणि माझ्या मुलाने मागितली तरी गप्प राहावं. तो विचारतो, अजून किती दिवस गप्प राहू? तुझ्या भावजयीला विचारलं, तर म्हणाली, मी फक्त टाइप केलं. मला तो गोदीतला तपासनीस आठवला, चूक आणि बेत यांतला फरक सांगणारा.

आता मी म्हाताऱ्याला पैसे भरा एवढी एक ओळ पाठवली, तर आठ दिवसांत फाइल बंद होईल, तुला यावं लागणार नाही आणि हजार संचांचा फॉर्मही मिळेल. ती ओळ मी लिहायला घेतली होती. मग आबांच्या टेबलावर सहा नंबरच्या बाईंनी दिलेला, माल सामानातून परत आणण्याचा एका पानाचा फॉर्म दिसला, याच्याही चार प्रती असतात. माल घेऊन येणाऱ्या व्यक्तीचं नाव, या रकान्यात तुझं नाव लिहिलंय. मी आबांना सांगितलं होतं, नक्की होईपर्यंत पेन्सिलीने लिहा. त्यांनी शाईने लिहिलंय, चारही प्रतींवर, आणि येण्याची तारीख लिहायला जागा सोडून ठेवलीये. ती तारीख तेवढी कळव.